दहावा माणूस

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेपाशी गेलं की हाळी ऐकू येते, "कामगार, कामगार, एक सीट, चला एक सीट!" कामगार म्हणजे कामगार हॉस्पिटल, वागळे इस्टेटमधलं राज्य कामगार विमा योजनेचं. सहा वर्षं मी त्या एका सीटवर बसून कामाला जातेय. हॉस्पिटलच्या जरा अलीकडे उतरायचं, दोन गल्ल्या आत चालायचं आणि एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याबाहेर चपला काढायच्या. खाली लेथ चालतं, शेजारी बाइंडिंगवाला, आणि मधे आम्ही. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी शिकण्याची खोकी बनवतो. त्यात अक्षरांचे पत्ते, गोष्टींच्या पट्ट्या, मोजायला चिंचोके, चिकटवायला चित्रं. एक खोकं ७४९ रुपयांना. आम्ही एकूण नऊ जण, त्यात आठ बायका.

ज्या हॉस्पिटलच्या नावानं मी रोज रिक्षा पकडते, त्याचं विम्याचं कार्ड आमच्या गाळ्यात कुणाकडेच नाही. बरीच वर्षं मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगत होते.

मुलांच्या शिक्षणाच्या छोट्या कंपनीत काम करणं कसं असतं, असं कुणी विचारलं की मी आधी 'ख' ची गोष्ट सांगते. आमच्या पहिल्या खोक्यात 'ख खलबत्त्याचा' होता. पत्ते छापायच्या आधी आम्ही ते मुलांना दाखवून बघतो. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये साडेचार वर्षांच्या मुलानं खलबत्त्याचं चित्र बघून सांगितलं, "ट्रॉफी!" चूक त्याची नव्हती. त्याच्या घरी मिक्सर. मग आम्ही खडू घेतला. शाळेत व्हाइटबोर्ड असल्यामुळे तोही पडला. खिडकी सगळ्यांना माहीत, पण तिच्यात 'ख' नाही, 'खि' आहे. खडा काढला तर मुलं बटाटा म्हणाली. खजूर काढला, तो पत्ता बघून एक मुलगी ओरडली, "झुरळ!" चार दिवस एका अक्षरावर गेले. शेवटी खलबत्ताच ठेवला आणि मागे पालकांसाठी दोन ओळी टाकल्या, की घरात किंवा आजीकडे असेल तर मुलाला हातात द्या, वेलची कुटू द्या. 'ऐ ऐरणीचा' आणि 'ण बाणाचा' या दोन भांडणांबद्दल तर वेगळा लेख होईल. 'ण' नं सुरू होणारा शब्द नाही म्हणून मुलांच्या पिढ्यान् पिढ्या 'बा' नं सुरू होणाऱ्या शब्दावर 'ण' शिकल्या, आणि कुणाचं काही अडलं नाही, हा आमच्या बाइंडिंगवाल्या काकांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

हे चार दिवस मोठ्या कंपनीत मिळत नाहीत. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर बायजूज या ज्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं नाव २०१९ ते २०२३ या काळात होतं, तिच्यावर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. त्या काळात या धंद्यातल्या बहुतेकांचं सगळं लक्ष विक्रीवर होतं. डिसेंबर २०२१ मध्ये तर केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला पालकांसाठी सूचना काढावी लागली, की असल्या कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी देताना जपून राहा. खलबत्त्याला ट्रॉफी म्हणणारं मूल तिथल्या कुणासमोर मांडी घालून बसलेलं नव्हतं. आमच्यासमोर ते बसतं. म्हणून मला छोटी कंपनी आवडते, आणि पुढे जे लिहिणार आहे ते छोट्या कंपन्या बंद पडाव्यात म्हणून लिहीत नाही.

प्रश्न एवढाच, की ते चार दिवस कुणाच्या खिशातून गेले?

आमच्या मालकीणबाई स्वतः बालवाडीच्या शिक्षिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मला मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. आपण इथे एक घर आहोत." मला तेव्हा भरून आलं होतं. पुढे कळलं, मॅडमकडे पगारवाढ मागता येते, ताईकडे कशी मागणार? ताईंच्या स्वतःच्या बांगड्या बँकेत गहाण आहेत हे सगळ्यांना ठाऊक. पगार कधी ७ तारखेला होतो, कधी १९ ला. नेमणुकीचं पत्र मला तिसऱ्या वर्षी मिळालं, तेही मी घरासाठी कर्ज काढायला निघाले म्हणून. त्यावर माझं पद 'शैक्षणिक आशय प्रमुख' असं आहे. प्रत्यक्षात मी पत्ते लिहिते, मुद्रितं तपासते, शाळांना फोन करते, कुरिअरवाल्याशी भांडते आणि जूनमध्ये सगळ्यांबरोबर खाली बसून खोकी भरते. याची मला तक्रार नाही. छोट्या कंपनीत सगळ्यांना सगळं करावं लागतं आणि त्यात शिकायलाही मिळतं. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल. रविवारी यायचं असलं, महिनाभर पगार लांबला, चित्रकाराला पानामागे ठरलेला दर कमी करायचा असला, की तेच वाक्य निघतं: "मुलांचं काम आहे हो."

हे वाक्य फक्त आमच्या गाळ्यात चालतं असं नाही. सरकारही तेच बोलतं, फक्त त्याची भाषा वेगळी असते. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षं झाली, तरी अंगणवाडी सेविका कागदावर 'मानसेवी', आणि तिला मिळतं ते मानधन. पगार हा शब्द तिच्या बाबतीत सांभाळून टाळलेला आहे. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना वर्षांच्या हिशेबानं मिळणारी रक्कम, लागू होते, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा अनेक वर्तमानपत्रांत बातमीचा सूर असा होता, की पोषण आहार बंद पडला, मुलांचे हाल झाले. हाल झालेच. पण मुलांचे हाल फक्त संपाच्या दिवशी मोजायचे, आणि सेविकेच्या रिकाम्या डब्याशी त्यांचा काही संबंध नाही असं धरायचं, ही पद्धत मला समजत नाही. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकालाही मानधनच. वर्षानुवर्षं ते महिना ६,००० होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. माझ्यासोबत डी.एड. झालेल्या मैत्रिणींपैकी काही शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघत बसल्या, काही माझ्यासारख्या गाळ्यांमध्ये आल्या.

मान आणि धन एका शब्दात घातले की मान मोठा दिसतो. धनाचं मग कुणी विचारत नाही.

यावर नेहमी येणारं उत्तर मला पाठ आहे, कारण ते ताईंनीच मला दोनदा ऐकवलंय: "अनुताईंनी काय पगारासाठी काम केलं?" ठाणे जिल्ह्यात या नावापुढे बोलती बंद होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला बालशिक्षणाच्या कामाला लागल्या, तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवायची, शंख-शिंपले-बिया-पानं हेच साहित्य, हे सगळं त्यांनी इथे करून दाखवलं. आमच्या खोक्यातले चिंचोके त्याच वाटेनं आलेत, हे मी नाकारत नाही.

पण त्याग हा ज्यानं करायचा त्यानं निवडायचा असतो. दुसऱ्याच्या पगारपत्रकात तो परस्पर कापून घेता येत नाही. शिवाय कोसबाडच्या टेकडीवरची वारली मुलं त्या कामाच्या बदल्यात काही देऊ शकत नव्हती. आमचं खोकं टॉवरमधल्या घरात ७४९ रुपयांना जातं, वर दिवाळीला 'दोन घ्या, शंभर वाचवा'. तिथे व्यवहार आहे आणि असायलाच हवा. मग व्यवहार गिऱ्हाइकाशी आणि सेवाभाव कामाला येणाऱ्यांशी, ही वाटणी कुणी ठरवली?

ताईंची बाजू मला माहीत आहे, म्हणून ती मांडते. आमच्या मालाचा मोठा भाग शाळांमध्ये जातो. राज्य सरकारनं २०२० मध्ये कायदा करून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या शाळा मराठीचं सोपं साहित्य शोधायला लागल्या आणि आमच्यासारख्यांचं पोट त्यावर भरलं. पण शाळा माल जूनमध्ये घेतात आणि पैसे दिवाळीनंतर देतात. एका शाळेकडून मागच्या वर्षीच्या बिलाचे पैसे या वर्षीच्या ऑर्डरसोबत आले. छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यायचं, असं २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. ताईंकडे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, उद्यमचं, प्रमाणपत्र आहे, फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलंय. त्यांनी आजवर एकाही शाळेकडे व्याज मागितलं नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर गेली. मी विचारलं, निदान आठवणीचं पत्र तरी पाठवूया? त्या म्हणाल्या, "अगं, मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या आहेत. मुलांचं काम आहे, कोर्टकचेरीची भाषा बरी नाही दिसत."

तेच वाक्य त्यांच्यावरही उलटलेलं बघून मला पहिल्यांदा त्यांची कीव आली. शाळा ताईंना थांबवते, ताई आम्हाला थांबवतात, आणि आम्ही सावरकरनगरच्या काकूंना. काकू आणि त्यांच्या सुना घरी पत्ते मोजून गड्ड्या बांधून देतात, गड्डीमागे दीड रुपया. काकू या नऊ जणांत नाहीत. त्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

गेल्या वर्षीचा हिंदीचा घोळ आठवतो. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी. घरी जेवताना आम्ही सगळे त्याच्या विरोधात, ऑफिसात मात्र ताईंनी हिंदीचं खोकं काढायचं ठरवलं, कारण दोन शाळांनी विचारणा केली होती. मे महिन्याचे चार रविवार आम्ही तिघी बसलो. 'ख' पुन्हा आला, यावेळी 'ख से खरगोश', आणि सशानं सगळी भांडणं मिटवली, हे मान्य करायला हवं. १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही निर्णय मागे घेतले. मराठी माणूस म्हणून त्या रात्री मला आनंदच झाला. सकाळी गाळ्यात आले तर छापून आलेले हिंदी पत्ते भिंतीला लावून ठेवलेले. छपाईचं नुकसान ताईंनी सोसलं, ते त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. आमचे चार रविवार कुठल्याच वहीत नाहीत. सरकारनं धोरण बदलू नये असं मी म्हणत नाही, हे तर बदलायलाच हवं होतं. पण शिक्षण खात्याच्या एका कागदानं ज्यांचा महिना ठरतो अशी माणसं फक्त शाळेत नसतात, हेही कुणीतरी म्हणायला हवं.

आता नऊचा आकडा.

ग्रॅच्युइटीचा नियम दुकानं-आस्थापनांना लागू होतो तो दहा माणसांपासून. मातृत्व लाभाचा नियमही दहापासून. भविष्य निर्वाह निधी वीसपासून. ग्रॅच्युइटीच्या नियमात तर अशी पाचर आहे, की एकदा दहा झाले की नंतर नऊवर आलात तरी तो सुटत नाही. हे सगळं मला ताईंच्या सीएनं समजावलं. त्याच्या बोलण्यात दहा हा आकडा साडेसातीसारखा येतो. म्हणून आमच्याकडे कधीच दहावा माणूस नसतो. विक्रीचा मुलगा कमिशनवर. चित्रकार 'प्रोफेशनल', तिच्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापायचा. दोन मुली कायम इंटर्न, कुठल्या कॉलेजच्या ते त्यांनाही आठवत नसेल. मी हिशेब केला. १८ हजारांचा पगार धरला, तर सहा वर्षांची ग्रॅच्युइटी साठ हजारांच्या वर जाते. आमच्या इथे सहा वर्षांचं शून्य होतं, केवळ डोकी नऊ आहेत म्हणून. दहा जणांच्या कंपनीत तीच खुर्ची, तेच काम, आणि साठ हजार.

मातृत्वाचं सांगते. आमच्या चित्रकार मुलीनं चिंगी नावाची खार काढली होती. आमच्या सगळ्या गोष्टींची नायिका तीच. मुलीला दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत ती दोन मजले जिने चढून आली, लिफ्ट मालाची आहे आणि बहुतेक वेळा बंद. त्याच काळात ती 'आईचं पोट, बाळाचं घर' या गोष्टीची चित्रं काढत होती. कायद्यानं २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तिला मिळाले एक ओटीभरणाचा नारळ, एक साडी, आणि "बाळ मोठं झालं की ये, तुझी जागा आहेच." साडी ताईंनी स्वतःच्या पैशानं आणली होती आणि प्रेमानं दिली होती. प्रेमात खोट नव्हती, हाच त्यातला त्रास आहे.

तिच्यानंतर दोन चित्रकार आल्या आणि गेल्या. मग कळव्याच्या एका बालवाडीत आम्ही चौथं खोकं दाखवत होतो. एक मुलगा चिंगीचं चित्र उचलून बराच वेळ बघत राहिला, मग मला म्हणाला, "हिचा एक पट्टा कुठे गेला?" मी जुनं पुस्तक काढून बघितलं. आधीच्या चिंगीच्या पाठीवर तीन पट्टे, या चिंगीच्या दोन. मुलाखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. कामाच्या जागी माणूस टिकला नाही तर मुलाला काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांना मी हा पट्टा दाखवते. बालवाडीतली शिक्षिका वर्षाच्या मधेच बदलते तेव्हा तीन वर्षांच्या मुलाचा यापेक्षा पुष्कळ मोठा पट्टा जातो. ते बोलून दाखवत नाही, आठ दिवस चड्डीत शू करतं आणि आपण म्हणतो, हल्ली हट्टी झालाय.

छोट्या मालकाला २६ आठवड्यांचा पगार परवडत नाही, हे खरं आहे. नऊ जणांच्या कंपनीत तो अख्ख्या वर्षाचा नफा असतो. मातृत्व लाभाच्या कायद्यानं सगळा भार एका मालकावर टाकला, आणि त्याचा साधा परिणाम असा की छोटा मालक लग्न झालेली तरुण मुलगी घ्यायलाच कचरतो, किंवा दहावर जातच नाही. पण याचा तोडगा नव्यानं शोधायला नको, तो आमच्या रिक्षाच्या शेवटच्या स्टॉपवर उभा आहे. कामगार विमा योजनेत बाळंतपणाचा पगार मालक देत नाही, महामंडळ देतं, सगळ्यांच्या वर्गणीतून, तोही २६ आठवडे. २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराची पाऊण टक्का. १८ हजारांवर मालकाचे ५८५ आणि कामगाराचे १३५, मिळून महिन्याचे ७२० रुपये. आमच्या एका खोक्याच्या किमतीपेक्षा एकोणतीस रुपये कमी. एका माणसामागे महिन्याला एका खोक्याच्या किमतीएवढे पैसे बाजूला ठेवले, तर आजारपण, हॉस्पिटल आणि बाळंतपण सुटतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे छत्र माणसाच्या डोक्यावर धरा, कंपनीची डोकी मोजून धरू नका. एकच माणूस नोकरीला असला तरी त्याची वर्गणी भरणं सक्तीचं करा. गड्ड्या बांधणाऱ्या काकूंनाही त्यात घ्या. मग नऊ आणि दहामध्ये काही फरकच उरणार नाही, आणि सीएंना दुसरी कामं करता येतील. यातून कुठली कंपनी बुडणार असेल, तर ती ७२० रुपयांनी बुडत नाही. दिवाळीनंतर चुकत्या होणाऱ्या बिलांनी बुडते. शाळांना मान्यता देताना आणि तिचं नूतनीकरण करताना छोट्या पुरवठादारांची थकबाकी किती, हा एक रकाना शिक्षण खात्यानं घातला तर ताईंना कुठल्याही मुख्याध्यापिकेशी वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

असंही मला ऐकवलं गेलंय, की असल्या मागण्या कारखान्यातल्या कामगारांनी कराव्यात, शिक्षणातल्या लोकांना त्या शोभत नाहीत. वागळे इस्टेटमध्ये राहून हे बोलणं जरा धाडसाचं आहे. या रस्त्यांवर माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं युनियनच्या पावत्या फाडल्या, गेटवर सभा घेतल्या, आणि खालच्या लेथवरच्या दादांच्या खिशात जे कार्ड आहे ते त्या पिढीच्या भांडणांतून टिकलेलं आहे. कारखाने गेले, त्यांच्या गाळ्यांमध्ये आम्ही आलो, लॅपटॉप आणि रंगीत कागद घेऊन. गाळा मिळाला, कार्ड मिळालं नाही. आम्ही ते मागितलंही नाही, कारण आम्ही स्वतःला कामगार समजत नव्हतो. आम्ही मुलांचं काम करत होतो.

पालकांनाही यात थोडं विचारायचं आहे. खोकं घेताना लोक विचारतात, यानं मूल किती दिवसांत वाचायला लागेल, फोटो टाकता येतील असं काही आहे का, वर्कशीट किती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळावर भर दिला, पण टॉवरच्या लॉबीत अजून वर्कशीटच विचारतात. हे ज्यांनी बनवलं त्यांची काय स्थिती आहे, असं सहा वर्षांत एका आजोबांनी विचारलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी मला थेट विचारलं, "पीएफ कापतात का गं?" मी हसून विषय बदलला.

या जूनसाठी ऑर्डर बऱ्या आहेत. चित्रकार मुलगी परत यायला तयार आहे, तिची लेक आता पाळणाघरात राहते. तिला घ्यायचं ताईंनी मनापासून ठरवलंय, चिंगीचा तिसरा पट्टा तीच परत आणेल असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. पण तिनं या वेळी फोनवर पहिलीच अट घातली: पगारावर, पत्र हातात, प्रोफेशनल वगैरे नको. म्हणजे ती दहावी. सीएनं त्यावर उपाय सुचवला आहे, की जुन्यांपैकी कुणीतरी एक जण कन्सल्टंट व्हावं, हातात पैसे तेवढेच येतील, फक्त कागद बदलेल. शुक्रवारी ताईंनी मला चहाला बोलावलं. स्वतः आलं किसून चहा केला. मग म्हणाल्या, "तू सगळ्यात समजूतदार आहेस, म्हणून तुला विचारते."

सोमवारपर्यंत सांगते म्हटलंय. जाताना जिन्यात लेथवरचे दादा भेटले. त्यांना विचारलं, ते कार्ड काढायला काय काय लागतं?